ड्रॉइंग एकच, शेड दोन: वेब पोर्टल काढून एनएफएस लावायचं का?

कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीचं हे प्रकरण आहे. मालकांना विचारून लिहितोय. कंपनीचं नाव, ग्राहकांची नावं, पार्टचे नंबर आणि काही मापं बदलली आहेत, बाकी घडलं तसंच आहे. माझं काम नेटवर्क आणि सर्व्हर बघायचं. फाउंड्रीतलं मला फारसं कळत नाही, आणि त्याचा त्रास पुढे झालाच.

पार्श्वभूमी

कंपनीची दोन शेडं आहेत. गोकुळ शिरगावला भट्टी, डिझाइन रूम, ऑफिस आणि सर्व्हर. शिरोलीला मशिन शॉप. मधे अख्खं कोल्हापूर. उद्यमनगरात त्यांचा एक बाहेरचा पॅटर्नवाला (साच्यासाठी नमुने करणारा) आहे, आणि मोठी गिऱ्हाइकं चाकणला.

शिरगावात सर्व्हरची डिस्क डिझाइन रूमच्या सगळ्या विंडोज पीसींवर सांबाने (सर्व्हरची डिस्क विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर) जोडलेली होती. एका छपराखालचा हा कारभार वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता. शिरोलीला मात्र ड्रॉइंग जायचं पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह जायचा गाडीवरून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा ही पद्धत बुडाली. पाणी उतरलं तसं सगळे ते विसरले. २०२१ च्या जुलैमध्ये रस्ता पुन्हा बंद पडला. या वेळी मात्र मालकांनी एक साधं वेब पोर्टल करून घेतलं. लॉगिन करा, पार्ट नंबर टाका, पीडीएफ किंवा थ्रीडी मॉडेल उतरवून घ्या. डिझाइनवाले नवी रिव्हिजन चढवणार, बाकीचे उतरवणार. चाकणच्या गिऱ्हाइकांना इन्स्पेक्शन रिपोर्टही तिथूनच मिळायचे. दोन वर्षं त्यावर निघाली.

अडचण

नोव्हेंबर २०२३. एका हबच्या ड्रॉइंगची रिव्हिजन डी वरून ई झाली. बोअर, म्हणजे मधलं भोक, ६२ मिलिमीटरवरून ६० वर आलं. पोर्टलवर ई मंगळवारी चढली. गुरुवारी शिरोलीत दुसऱ्या पाळीत ६४ हब ६२ ला बोअर झाले.

मशिन शॉपमध्ये काम केलेल्याला पुढचं सांगायला नको. बोअर बारीक राहिलं तर परत मशिनवर चढवता येतं, मोठं झालं की संपलं. धातू पुन्हा भट्टीत जातो, पण मशिनचे तास, टूल, वाहतूक आणि गिऱ्हाइकाची तारीख भट्टीत वितळून परत मिळत नाहीत.

चौकशीला वेळ लागला नाही. मशिनशेजारच्या टर्मिनलच्या (पीसीच्या) डेस्कटॉपवर ‘फायनल’ नावाचा फोल्डर, त्याच्या आत ‘फायनल नवीन’, आणि त्यात दोन आठवड्यांपूर्वी उतरवलेली रिव्हिजन डी. ऑपरेटरने तीच उघडली. त्याची चूक म्हणावी तर लॉगिन करून, नंबर टाकून, पीडीएफ उतरेपर्यंत वाट बघायची, आणि समोर मशिन उभं. हाताशी फाइल असताना कोण परत उतरवतंय?

शनिवारी ऑफिसात बैठक बसली. डिझाइन रूममधल्या एका तरुण इंजिनिअरने मुद्दा मांडला, आणि तो मुद्दा चांगला होता. त्याचं म्हणणं, डाउनलोड हाच रोग आहे. वेब तुम्हाला वस्तू दाखवत नाही, वस्तूची नक्कल देतं. नक्कल हातात आली की मूळ बदललेलं कळायला मार्ग नाही. डिझाइन रूममध्ये ही चूक कधीच होत नाही, कारण तिथे सगळे एकाच डिस्ककडे बघतात. मग तीच डिस्क शिरोलीला, उद्यमनगरला आणि चाकणलाही दिसू द्या. पोर्टल बंद करा.

“सर, वेब म्हणजे शेवटी काय, लांबच्या फायली वाचायच्या ना?” तो म्हणाला. “मग लांबच्या फायली वाचायचा प्रोटोकॉल, एनएफएस, १९८४ पासून आहे की. मधे हे एचटीटीपी कशाला?”

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आठवडा द्या.

हा प्रश्न आधीही विचारला गेला होता

पोराला वाटत होतं त्याला काहीतरी नवीन सुचलंय. नवीन नव्हतं, पण ज्यांना आधी सुचलं होतं ती माणसं लहान नव्हती.

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सचं. १९८४ मध्ये ते बाहेर आलं तेव्हा कल्पना अशी होती की लांबच्या सर्व्हरवरची डिरेक्टरी तुमच्या मशिनवर जोडली जावी आणि प्रोग्रॅमला ती आपलीच डिस्क वाटावी. प्रोग्रॅमने उघड, वाच, लिही, बंद कर म्हणायचं. मधे वायर आहे हे त्याला कळायलाच नको. वेबचं एचटीटीपी आलं १९९१ मध्ये, सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांच्या हातून. पहिली आवृत्ती इतकी साधी होती की एक ओळ मागायची, पान मिळायचं, कनेक्शन तुटायचं. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० ची नोंद आरएफसी (इंटरनेटच्या प्रोटोकॉलांचा क्रमांकी दस्तऐवज) म्हणून झाली, तेव्हाही साधारण प्रत्येक चित्रासाठी नवं कनेक्शन उघडत असे. पानावर दहा चित्रं असली तर दहा वेळा दार वाजवायचं.

सनच्या लोकांना हे दिसत होतं. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्यांनी वेबएनएफएस मांडलं, आरएफसी २०५४ आणि २०५५. जुन्या एनएफएसला आधी कुठल्या पोर्टवर (सर्व्हरच्या कुठल्या दारावर) बोलायचं ते विचारावं लागायचं, मग माउंटची, म्हणजे डिस्क जोडायची, परवानगी घ्यायची, मग रस्त्यातला एकेक फोल्डर शोधत जायचं. वेबएनएफएसने हे सगळं छाटलं. पोर्ट ठरलेला, २०४९. सगळ्यांसाठी खुलं असं एक फाइल हँडल (फाइलची ओळखचिठ्ठी). आणि पूर्ण रस्ता एकाच विनंतीत. मोठी फाइल अर्ध्यावर तुटली तर तिथून पुढे वाचायची सोय एनएफएसमध्ये मुळातच होती. ब्राउझरमध्ये एचटीटीपीच्या जागी हे चालवता येईल, असा त्यांचा दावा होता. आणि कागदावर तो दावा त्या वेळी खरा होता.

त्यानंतर तीन महिन्यांनी, जानेवारी १९९७ मध्ये, एचटीटीपी १.१ आलं. कनेक्शन उघडं ठेवायची सोय, फाइलचा मधलाच तुकडा मागायची सोय, आणि साठवलेली प्रत अजून चालू आहे का हे विचारायची सोय, सगळं त्यात होतं. वेबएनएफएसचे बरेचसे मुद्दे तिथेच निकालात निघाले. त्यातल्या चांगल्या कल्पना डिसेंबर २००० च्या एनएफएस ४ मध्ये गेल्या. एकच पोर्ट, अनेक मागण्या एका खेपेत, अगदी ते खुलं हँडलसुद्धा. पण तोवर वेबवरची बरीचशी पानं फायली राहिलीच नव्हती. पत्त्यामागे प्रोग्रॅम बसला होता, तो विचारणाऱ्याला बघून पान तयार करत होता. डिस्कवर नसलेली वस्तू माउंट कशी करणार?

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. मालक म्हणाले, “इतिहास राहू दे. आपल्याला ब्राउझर विकायचा नाही. आपली तर फायलींचीच भानगड हाय.” तेही बरोबरच होतं.

समोरचे पर्याय

विंडोजचं एसएमबी, म्हणजे सांबा ज्यावर चालतं तो फाइल प्रोटोकॉल, थेट इंटरनेटवर उघडायचं, हा पर्याय दोन मिनिटांत गेला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातूनच पसरला होता. एसएमबीचा पोर्ट ४४५ बाहेर उघडणाऱ्याला मी तरी हात जोडतो.

वेबडॅव्हवर जरा जास्त बोललो. ते १९९९ चं, म्हणजे एचटीटीपीलाच फोल्डर आणि कुलपं जोडून केलेली फाइल व्यवस्था. दोन्हीकडचं थोडं थोडं. पण विंडोजचा त्यासाठीचा क्लायंट मूळ सेटिंगमध्ये ५० एमबीच्या वरची फाइल घेत नाही, आणि आमच्या स्कॅनच्या फायली ८० एमबीच्या. ते सेटिंग वाढवता येतं. पण मायक्रोसॉफ्टने त्याच नोव्हेंबरमध्ये ती सेवा मोडीत काढायच्या यादीत टाकली. मरायला टेकलेल्या बैलावर कुठे जू ठेवायचं?

राहिले दोन. एक, वायरगार्डचा बोगदा (इंटरनेटवरूनच जाणारी कुलूपबंद खाजगी जोडणी) टाकून त्यातून एनएफएस ४. दोन, पोर्टल ठेवायचं पण सुधारायचं. मला दुसरा पर्याय पटत होता. पण कारण नीट सांगता येत नव्हतं, आणि “मला असं वाटतं” यावर मालक पैसे खर्च करत नाहीत. तेव्हा ठरलं की चार आठवडे एनएफएस लावून बघायचं, फक्त शिरोलीसाठी. हा पहिला निर्णयाचा टप्पा. तो घेतला हे योग्यच झालं असं मला अजून वाटतं. कसा घेतला त्याबद्दल पुढे.

चाकणचा प्रश्न मात्र चाचणीआधीच सुटला. गिऱ्हाइकाच्या आयटी विभागाला मेल टाकली की आमची डिस्क तुमच्याकडे जोडली तर चालेल का. उत्तर एका ओळीचं होतं: ४४३ (वेबचा सुरक्षित पोर्ट) सोडून कुठलाही पोर्ट बाहेर उघडणार नाही. त्यांची बाजू बघा. आमची डिस्क जोडणं म्हणजे आमच्या सर्व्हरच्या तब्येतीवर त्यांचे पीसी अवलंबून ठेवणं. आम्ही त्यांचे पुरवठादार, सोयरे नव्हे.

चाचणी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिरोलीची सहा लिनक्स टर्मिनलं जोडली. पहिले तीन दिवस सगळे खूश. ड्रॉइंगचा फोल्डर समोर, लॉगिन नाही, डाउनलोड नाही. पोरगा हवेत.

मग थ्रीडी असेंब्ली उघडायची वेळ आली. एका फिक्श्चरच्या मॉडेलमध्ये १८० पार्टच्या फायली. शिरगावात ते मॉडेल पापणी लवायच्या आत उघडायचं. शिरोलीत अर्धं मिनिट पांढरा पडदा. लाइनचा वेग मोजला तर भरपूर होता. ट्रेसरूट (पाकिटाचा रस्ता) काढला तेव्हा कळलं. दोन शेडांच्या लाइनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि त्यांची गाठ पडते मुंबईत. शिरगावहून निघालेलं पाकीट मुंबई बघून शिरोलीला येत होतं. एका फेरीला २४ मिलिसेकंद. असेंब्ली उघडताना सॉफ्टवेअर एकामागून एक सुमारे १४०० विचारणा करत होतं: ही फाइल आहे का, किती मोठी आहे, पहिला तुकडा दे. १४०० गुणिले २४ म्हणजे साडेतेहेतीस सेकंद. शिरगावच्या आतल्या आत फेरी ०.४ मिलिसेकंदाची, म्हणून तिथे तेच काम अर्ध्या सेकंदाचं. एनएफएस ४ ला एका खेपेत गाडीभर मागण्या करता येतात, खरंय. पण वर बसलेलं सॉफ्टवेअर एकेकच मागतं, कारण त्याला वाटतं समोर डिस्क आहे. मधली वायर लपवली की वायरीची किंमतही लपते.

हे गैरसोयीचं होतं, घातक नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात क्वालिटीच्या मॅडमचा फोन आला. शिरोलीहून आलेल्या एका कास्टिंगच्या स्कॅनमध्ये अर्धी बाजूच नाही, पार्ट फुटलाय का? पार्ट धडधाकट होता. शिरोलीची अपलोड लाइन १० एमबीपीएसची, ८० एमबीची फाइल लिहायला मिनिटभर लागत होतं. त्या मिनिटाच्या मधेच मॅडमनी ती शिरगावात उघडली होती. फाइल प्रोटोकॉल हे लपवत नाही. फाइल लिहिली जात असेल तर अर्धी दिसणार. पोर्टलमध्ये चढणारी फाइल बाजूला जमा व्हायची आणि पूर्ण आल्यावरच यादीत दिसायची. ते काही एचटीटीपीचं पुण्य नव्हे, पोर्टल लिहिणाऱ्याचा शहाणपणा. पण एचटीटीपीत किती बाइट येणार हे आधी सांगता येतं, म्हणून तो शहाणपणा सोपा जातो.

त्याच आठवड्यात एक गंमतही झाली. शिरोलीत सेव्ह केलेल्या इन्स्पेक्शन रिपोर्टांवर फाइलचा मालक म्हणून अकाउंटच्या ताईंचं नाव दिसायला लागलं. टर्मिनलवरच्या ऑपरेटरचा युजर क्रमांक १००१, आणि सर्व्हरवर १००१ म्हणजे अकाउंटच्या ताई. एनएफएसच्या साध्या पद्धतीत क्लायंट नुसता क्रमांक सांगतो आणि सर्व्हर विश्वास ठेवतो. ताई म्हणाल्या, “मी कधी गेले वो शिरोलीला मापं घ्यायला?” हसण्यावारी गेलं, पण उलट बाजूने बघा, त्या टर्मिनलवरून कुणालाही ताईंच्या फोल्डरात शिरता आलं असतं. कर्बेरॉस (खरी ओळख पटवणारी व्यवस्था) लावलं की हे सुटतं. २०२२ मध्ये एनएफएसखालच्या थराला टीएलएस (एन्क्रिप्शन) जोडायचं प्रमाणही आलं आहे. पण त्यासाठी मनुष्यबळ लागतं, आणि तिथे मनुष्यबळ म्हणजे आठवड्यातून एकदा येणारा मी.

ती रात्र

तिसरा आठवडा, बुधवार, रात्री पावणेदहा. हायवेच्या कडेला खुदाई चालू होती, त्यात शिरोलीची लाइन तुटली. मी जेवत होतो. फोरमन मामांचा फोन.

“साहेब, मशिन हाय, माल हाय, माणूस हाय. चित्र न्हाई.”

सहाच्या सहा टर्मिनलं गोठली होती. माऊस हलतो, पण ड्रॉइंगच्या खिडकीत काही केल्या काही होत नाही. एनएफएस मी ‘हार्ड’ पद्धतीने जोडलं होतं, पुस्तकात तसंच सांगतात. सर्व्हर गेला तर क्लायंट तो परत येईपर्यंत थांबून राहतो. चूक कळवत नाही, हार मानत नाही. लिहिण्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे, कारण अर्धवट लिखाण हरवण्यापेक्षा थांबलेलं बरं. पण शॉप फ्लोअरवर थांबलेला पडदा म्हणजे थांबलेलं मशिन.

आणि खरोखरच एक मशिन थांबलं. हे मला माहीतच नव्हतं. कोपऱ्यातलं जुनं व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंग मशिन), त्याची मेमरी इतकी तुटपुंजी की मोठा प्रोग्रॅम त्यात मावत नाही. म्हणून टर्मिनल त्याला सिरिअल वायरीतून प्रोग्रॅम थोडा थोडा पाजत राहतं. पूर्वी तो प्रोग्रॅम टर्मिनलच्या डिस्कवर असायचा. चाचणीसाठी कुणीतरी, उत्साहाने, तोही शिरगावच्या डिस्कवरून चालवायला लागलं होतं. लाइन तुटल्यावर वाचून झालेला तुकडा संपेपर्यंत मशिन चाललं, आणि मग कापता कापता जागीच उभं राहिलं. स्पिंडल फिरतंय, फीड शून्य, टूल जॉबच्या पृष्ठभागावर एकाच जागी घासतंय. ऑपरेटरने टूल वर उचललं तोवर नखाएवढा खळगा पडला होता. एकच जॉब गेला. मामांनी तो पार्ट दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवला, काही न बोलता. अजून तो माझ्याकडे पेपरवेट म्हणून आहे.

लाइन रात्री साडेबाराला आली. टर्मिनलं आपोआप सुरू झाली, जणू काही झालंच नाही. एनएफएसच्या दृष्टीने खरंच काही झालं नव्हतं.

खरा निर्णय

गुरुवारच्या बैठकीत पोराने ‘सॉफ्ट’ जोडणीचा पर्याय काढला. त्यात ठरावीक वेळ वाट बघून क्लायंट चूक कळवतो. मी दोन्ही पर्याय फळ्यावर लिहिले आणि मामांना विचारलं, लाइन गेली की तुम्हाला पडद्यावर काय हवं?

या प्रश्नापासून सुरुवात करायला हवी होती. तो यायला तीन आठवडे आणि एक जॉब लागला.

मामा म्हणाले, शेवटचं बघितलेलं ड्रॉइंग दिसू दे, पण ते कधीचं हाय ते वर लिवा. चालू सेटअप आम्ही संपवतो. नवा सेटअप फोन केल्याशिवाय लावणार न्हाई. मॅडमना ते पटेना. जुनं ड्रॉइंग दिसलं की आज ना उद्या कुणी त्यावर काम करणारच, ६४ हब विसरलात का? त्यांचं म्हणणं, लाइन नाही तर पडदा कोरा. अर्धा तास वाद झाला आणि तो वाद चांगला झाला, कारण त्यातून कळलं की हा प्रश्न मशिन शॉपचा आहे, माझा नव्हे. शेवटी मामांचं ऐकलं, मॅडमची एक अट घालून: शिळ्या ड्रॉइंगवर पिवळी पट्टी, आणि फर्स्ट पीस (नव्या सेटअपचा पहिला नग) पास करायचा नाही.

आता ही मागणी दोन प्रोटोकॉलांना ऐकवून बघा. एनएफएसकडे दोनच उत्तरं: थांब, किंवा चूक. ‘ही प्रत अमुक वेळची आहे, मूळ सर्व्हरशी संपर्क नाही, तरी चालेल का?’ असलं वाक्यच त्याच्या भाषेत नाही, कारण डिस्क असं कधी बोलत नाही. एचटीटीपीला हे वाक्य येतं. प्रतीचं वय सांगायला एज हेडर आहे. विचारल्याशिवाय वापरू नको म्हणायला कॅश-कंट्रोल आहे. मूळ सर्व्हर सापडत नसेल तर शिळी प्रत इतका वेळ चालेल, हे सांगायची सोय २०१० पासून आहे. प्रत्येक प्रतीला ईटॅगचा शिक्का देता येतो. तो दाखवून विचारायचं, ‘बदललंय का?’ बदललं नसेल तर ३०४ एवढंच उत्तर येतं, फाइल परत उतरत नाही.

पोराच्या मूळ मुद्द्याकडे इथे परत आलो. डाउनलोड हा रोग, असं तो म्हणाला होता. पण एनएफएससुद्धा नक्कलच ठेवतं. लिनक्सचा क्लायंट फाइलची माहिती मूळ सेटिंगमध्ये ३ ते ६० सेकंद आपल्याजवळ धरून ठेवतो, फक्त सांगत नाही. हब वाया गेले ते नक्कल होती म्हणून नव्हे. ती नक्कल कुणालाही न विचारता उघडता येत होती म्हणून. पोराने हे ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाला, मग डेस्कटॉपवरचा फोल्डर आधी उडवूया.

काय केलं

जानेवारी २०२४ मध्ये पोर्टल ठेवलं आणि त्याच्या आतलं बदललं. प्रत्येक पार्टला दोन पत्ते दिले. एक ‘चालू’चा, जो नेहमी ताजी रिव्हिजन दाखवतो, एक ठरलेल्या रिव्हिजनचा, जो कधीच बदलत नाही. जॉब कार्डवर क्यूआर छापला, तो ‘चालू’ उघडतो. कार्ड स्कॅनरसमोर धरलं की ड्रॉइंग पडद्यावर. लॉगिन गेलं, कारण टर्मिनलं बोगद्यातूनच येतात. हात फोल्डरकडे जायचं कारणच उरलं नाही, आणि टर्मिनलवर हाताने फाइल साठवायची सोयही बंद केली.

शिरोलीत एका जुन्या पीसीवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवला. तो ड्रॉइंगच्या प्रती जवळ ठेवतो, प्रत्येक वेळी शिरगावला विचारतो, आणि लाइन गेली असेल तर जवळची प्रत देऊन तसं कळवतो. पान त्यावरून पिवळी पट्टी आणि वेळ दाखवतं. जुन्या व्हीएमसीचा प्रोग्रॅम आधी पूर्ण टर्मिनलवर उतरतो, त्याची बेरीज (फाइल जशीच्या तशी आल्याची खूण) जुळते, आणि मगच मशिनला पाजला जातो. चाकणला काहीच बदललं नाही. त्यांना काही झालं होतं हेसुद्धा माहीत नाही.

एनएफएस पूर्ण काढलं नाही. शिरगावात कास्टिंग सिम्युलेशनचं एक लिनक्स मशिन आहे, ते सर्व्हरच्या डिस्कवर रात्रभर शेकडो जीबी लिहितं. दोघांच्या मधे पंधरा फूट केबल. तिथे एनएफएसच आहे आणि तेच असायला हवं. ते मशिन पोराच्या ताब्यात दिलंय.

काय झालं

त्यानंतरच्या पावसाळ्यात शिरोलीची लाइन तीनदा गेली. तिन्ही वेळा पिवळी पट्टी आली, चालू सेटअप पुरे झाले. एकदा मामांनी रात्री मॅडमना फोन करून रिव्हिजन विचारली, मॅडमनी झोपेतून उठून सांगितली. मशिन कुठलंच मधे थांबलं नाही. थ्रीडी असेंब्ली आता एकाच गठ्ठ्यात उतरते. पहिल्यांदा सात-आठ सेकंद लागतात, पुढच्या वेळी लगेच.

चुकीच्या रिव्हिजनवर टर्मिनलमुळे एकही पार्ट गेला नाही. उद्यमनगरातून मात्र एक कोअर बॉक्स (कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा घडवायचा साचा) जुन्या मापाचा आला. त्याची गोष्ट शेवटी.

काय वेगळं करता आलं असतं

चाचणीच्या पहिल्याच दिवशी मी स्वतः केबल उपटायला हवी होती. पाच मिनिटांचं काम. चालू लाइनवर कुठलीही व्यवस्था चांगलीच दिसते, आणि तीन आठवडे मी चालू लाइनच तपासत बसलो. वेग मोजला, फेऱ्या मोजल्या, तुटल्यावर काय होतं ते बघितलं नाही.

कुठल्या टर्मिनलला काय जोडलंय याची यादी फिरून करायला हवी होती. ऑफिसातल्या नकाशावर ते जुनं व्हीएमसी नव्हतंच. मामांना विचारलं असतं तर चहा संपायच्या आत सांगितलं असतं.

लिनक्स टर्मिनलांवर माउंट फक्त वाचण्यापुरतं ठेवलं असतं तर अर्धा स्कॅन आणि ताईंचं नाव, दोन्ही टळलं असतं. चाचणीत सगळंच एकदम उघडायची घाई माझी होती, पोराची नव्हे.

एक गोष्ट मात्र मी पुन्हा तशीच करीन. पोराची सूचना बैठकीत मोडीत काढली असती, तर पोर्टल होतं तसंच राहिलं असतं, आणि ‘फायनल नवीन’च्या आत एव्हाना आणखी एक फोल्डर झाला असता.

उद्यमनगरचं राहिलं. पॅटर्नवाल्या काकांच्या वर्कशॉपमध्ये पीसी नाही, क्यूआर वाचणारा फोन आहे. त्यांनी ‘चालू’ पत्ता उघडला, ताजं ड्रॉइंग आलं, त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि मुलाला व्हॉट्सअॅपवर पाठवला. मुलाने प्रिंट काढून भिंतीवर चिकटवली. दोन महिन्यांनी रिव्हिजन बदलली, भिंतीवरची प्रिंट बदलली नाही. आता प्रत्येक ड्रॉइंगच्या मधोमध फिकट अक्षरांत उघडल्याची तारीख छापतो. काका म्हणतात, त्यानं मापं नीट दिसत न्हाईत.